पोच

आमच्या बाईच्या उजव्या अंगठ्याला रेषा नाहीत. डाव्याच्या थोड्या उरल्या आहेत, त्याही कडेकडेला. बाई म्हणजे माझी आई; आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जुन्या घरांतून आईला बाईच म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा ई-केवायसी करायला तिला रेशनच्या दुकानात घेऊन गेले होते. दुकानदार भला माणूस. त्यानं मशीनची काच पुसली, बाईचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, कोरडा केला, दाबून धरला, मग हलका धरून पाहिला. मशीन घेईना. एकेक करत दहाही बोटं झाली. मागं रांग वाढत चालली. शेवटी बाईनंच हात काढून घेतला आणि पदराखाली झाकला, चोरी पकडल्यासारखा.

पारावर येऊन बसलो. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "खडीनं नेल्या माय त्या. कव्हाच्याच."

मी हायस्कूलला इतिहास शिकवते, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. गरिबी हटवण्याच्या योजनांवर मुलांना टिपा लिहून देते, साल पाठ करून घेते. त्या टिपांमधलं एकेक साल आमच्या घरात कधी, कसं आलं होतं हे मात्र कधी मांडून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पारावर बसून मनात ते मांडायला लागले.

बाईचं लग्न एकाहत्तरच्या उन्हाळ्यात झालं. पाऊस आधीपासूनच ओढ देत होता. बहात्तरला मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, हस्तातही आभाळ फुटलं नाही. तेव्हा मराठवाड्याचे जिल्हे पाचच होते: औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, परभणी, नांदेड. जालना, लातूर, हिंगोली अजून वेगळे निघायचे होते. औरंगाबाद, बीड आणि उस्मानाबादवरचा घाला फार मोठा होता. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून म्हणतात, बहात्तरला पाणी होतं पण दाणा नव्हता, आता दाणा आहे पण पाणी नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा हे बोलणं घरोघरी ऐकू आलं होतं.

दाणा नव्हता म्हणजे काय, ते बाईच्या तोंडून ऐकावं. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी तव्यावर पडायच्या आधी हातावरच चिरायची. कामावर दुपारी सुकडी वाटायचे. बाई त्यातली अर्धी खायची आणि अर्धी पदराच्या गाठीला बांधून धाकट्या दिरासाठी घरी न्यायची. नवी नवरी, माहेरचा चुडा अजून हातात, आणि हातोडी.

काम खडीचं होतं. सडकेच्या कडेला दगडांचे ढीग टाकलेले असायचे. टायरच्या पट्टीचं कडं करायचं, त्यात दगड बसवायचा आणि फोडायचा, म्हणजे चिपा डोळ्यात उडत नाहीत. मोजणी ब्रासवर, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. संध्याकाळी बोटांची सालपटं निघालेली असायची. त्यावर चुलीतली राख लावायची आणि सकाळी पुन्हा सडक. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्या ५० लाखांत आमच्या घरची चार, आणि त्यांतली एक बाई.

लहानपणी एक गोष्ट मला कळायची नाही. आमच्या सडकेच्या कडेला त्या खडीचे ढीग मी शाळेत जायला लागले तरी तसेच पडलेले होते. त्यांवर टणटणी उगवली होती. सडकेला इतकी खडी लागतच नव्हती, तर मग फोडून कशासाठी घेतली? याचं उत्तर मला पुढे एम.ए.ला असताना, बीडपासून हजारो कोस दूरच्या एका कायद्यात सापडलं.

इंग्लंडात १८३४ साली गरिबांविषयीचा कायदा बदलला. त्यामागचं तत्त्व असं की सरकारी मदत घेणाऱ्याची अवस्था सगळ्यात गरीब मजुराच्या अवस्थेपेक्षा वाईटच असली पाहिजे, नाहीतर लोक आळशी होतील. म्हणून मदत हवी तर कठोर शिस्तीच्या दारिद्र्यगृहात या, तिथं राबा, दगड फोडा. जो तेवढंही सोसायला तयार होईल तोच खरा गरीब. हेच तत्त्व इंग्रजांबरोबर इकडे आलं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी मजुरी खाली आणली: माणशी रोज एक पौंड धान्य, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि वर किरकोळ पैसे. तेवढ्यावर दिवसभर खोदायचं. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, गणेश वासुदेव जोशींच्या पुढाकारानं, गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढं मांडली. सरकारला जाब विचारण्यासाठी भुकेची मोजदाद करणारे ते आपल्याकडचे सुरुवातीचे लोक, आणि शिकवताना त्या पानावर मी नेहमी थोडी जास्त थांबते. पुढे १८८० चा दुष्काळ आयोग आला, मग दुष्काळ संहिता आल्या, आणि त्यांत 'कसोटीची कामं' हा प्रकारच ठरून गेला. काम कष्टाचं ठेवायचं, मजुरी जेमतेम ठेवायची. जो येईल तो खरोखर उपाशी आहे असं समजायचं.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पण बहात्तरला इथं जी कामं निघाली त्यांची घडण त्या जुन्या संहितांमधूनच उतरलेली होती. सोनाराचा कसोटीचा दगड काळा असतो. बाईच्या वाट्यालाही काळाच दगड आला, बालाघाटाचा. त्यावर तिची भूक घासून पाहिली गेली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी परमुलखात कुणीतरी संशय घेतला होता की गरीब माणूस खोटं बोलतो. तो संशय इतका लांबचा प्रवास करून आमच्या सडकेला आला होता, आणि ते ढीग त्याचेच होते.

हेही तितकंच खरं की त्या कामांनी माणसं जगवली. इतका मोठा दुष्काळ, पण जुन्या काळी गावंच्या गावं जशी ओस पडायची तशी पडली नाहीत. बाई खडीला कधी शिव्या देत नाही. "त्या खडीनंच तुमचा बाप जगला," म्हणते.

आता रोजगार हमीची कल्पना मांडणाऱ्या पागेंविषयी. विठ्ठल सखाराम पागे, विधान परिषदेचे सभापती, गांधींच्या विचाराचा माणूस. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरकडे, १९६५ च्या सुमारास त्यांच्या कल्पनेतून एक लहानसा प्रयोग झाला: काम मागायला येईल त्याला गावाजवळ काम द्यायचं. पुढे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना त्याची राज्याची योजना झाली, आणि १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशात त्याआधी असा कायदा कुठल्याही राज्यात नव्हता. मी त्याच ७७ सालची, म्हणून या कायद्याविषयी मला पाठच्या भावंडासारखी माया आहे.

या कायद्याचं ब्रीद तीन शब्दांचं: मागेल त्याला काम. यातला पहिला शब्द मला फार मोठा वाटतो. जात कुठली, जमीन किती, घर पत्र्याचं की गवताचं, काही विचारायचं नाही. खेड्यातल्या कुठल्याही प्रौढ माणसानं मी अंगमेहनत करायला तयार आहे असं लिहून दिलं की १५ दिवसांत काम द्यायचं, आणि नाही दिलं तर बेकारी भत्ता. भत्ता किती, तर दिवसाला किमान एक रुपया. रक्कम लहान होती, हे मान्य. पण या एका रुपयानं सगळी बाजू पालटली. आजवर कसोटी गरिबाची होती. आता १५ दिवस सरकारला मोजून मिळाले होते.

पैसे कुठून आले, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. माझ्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कराचे २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. स्टाफरूममध्ये दरवर्षी कुणीतरी वैतागून विचारतं की हा कसला कर. हा कर १९७५ साली बसवला गेला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदारानं, व्यापाऱ्यानं दिलेल्या या पैशात आणि मोटारी, विक्रीकर, बागायत यांवरच्या अधिभारात सरकारनं तितकीच भर घालायची आणि खेड्यात कामं काढायची, अशी ती मांडणी होती. मुंबईच्या लोकलमधून कामाला जाणाऱ्या एखाद्या कारकुनाच्या पगारातला रुपया आमच्या नाल्यावर बाईच्या घमेल्यात येऊन पडत होता. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. मला माझ्या पगारपत्रकातली ती ओळ आवडते.

माझ्या आठवणीतली हमी नालाबंडिंगची आणि पाझर तलावाची आहे. आमच्याकडे नुसतं 'हमी' म्हणायचे. हमीवर गेलते, हमी सुटली, हमीचा पगार व्हायचाय. बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली, तिच्यात माझा भाऊ. सावली, पिण्याचं पाणी आणि लेकरं सांभाळायला एक बाई, हे कामावर असलंच पाहिजे असा नियम होता, आणि आमच्या कामावर ती एक म्हातारी होती जी सगळ्यांच्या लेकरांना एकच गाणं म्हणायची. पुरुष चौकड्या खोदायचे, बाया माती वाहायच्या. चौकडी किती खोल गेली ते कळावं म्हणून मध्ये मातीचा एक खुंट तसाच राखून ठेवायचे. आम्ही पोरं त्या खुंटावर चढलो की मार मिळायचा, कारण तो ढासळला तर आठवड्याची मजुरी ढासळली.

मजुरी मापावर होती, आणि माप बाईचं वेगळं, गड्याचं वेगळं असं नव्हतं. हे तेव्हा किती मोठं होतं ते मला नंतर कळलं. पाटलाच्या रानात खुरपायला गेलं की बाईला गड्याच्या निम्मं मिळायचं. हमीवर तिचं नाव मस्टरवर स्वतंत्र यायचं. माहेरचं नाही, नवऱ्याच्या नावामागं लपलेलं नाही, तिचं. त्यापुढं शाईचा अंगठा. त्या अंगठ्याच्या रेषा तेव्हाही झिजलेल्याच असणार, पण ते कुणी पाहत नव्हतं. निळा ठिपका पडला की बाई आली, एवढं पुरे होतं.

सगळं सोन्याचं नव्हतं. मस्टरवर मेलेल्या माणसांची नावं असायची. मुकादमाचा वाटा काढून ठेवावा लागायचा. काही तलाव अशा जागी बांधले गेले की त्यांत पहिल्या पावसाचं पाणीही टिकलं नाही. पण आमच्या माणसांना मारलं ते पगाराच्या उशिरानं. मोजणी व्हायची, बिल व्हायचं, ते वर जायचं, खाली यायचं. महिना, दोन महिने. पोटाला उधारी कळत नाही. आणि दसऱ्याच्या आधी ऊसतोडीचा मुकादम गावात यायचा तो उचल हातात घेऊनच. आधी पैसे, मग काम. दादा, म्हणजे माझे वडील, आणि बाईचा मिळून एक कोयता धरला जायचा, नवरा-बायको दोन माणसं, नाव एकाचं. उचल फेडता फेडता हंगाम संपायचा आणि कधी कधी फिटायचीच नाही. लोक विचारतात की दाराशी हमी असताना बीडची माणसं कारखान्यावर का गेली. एवढंच कारण नाही, पण मोठं कारण हेच आहे: मुकादम आधी द्यायचा, सरकार नंतर. गुढीपाडव्याच्या आसपास गाड्या परत यायच्या, आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांना पुन्हा हमी लागायची.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात हमीचं काम बंद पडलं. पावसानं पुन्हा हुलकावणी दिली होती आणि गावात कुणालाच काम नव्हतं. तालुक्याहून एक कार्यकर्ता यायचा, झोळीवाला, सायकलवर. त्यानं बायांना गोळा करून सांगितलं की नुसतं काम द्या म्हणून ओरडू नका, नमुना ४, म्हणजे काम मागायचा अर्ज, भरून द्या. आणि तो दिला की पोच घ्या. पोचेवर तारीख घ्या. तारीख नसली तर १५ दिवस सुरूच होत नाहीत.

बारा बाया गेल्या. मी बाईच्या पदराला धरून होते. कचेरीत साहेबानं कागद घेतले, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले आणि म्हणाला, "बगू, जा आता." बाया उठल्या नाहीत. तो म्हणाला, पोच-बिच काही मिळत नसते. बाया काही बोलल्याच नाहीत, बसून राहिल्या. दुपार झाली, त्यानं डबा खाल्ला, बाया बसलेल्याच. एकीचं तान्हं रडायला लागलं, तिनं तिथंच पदराआड घेतलं. दिवेलागणीला त्यानं चिडून कार्बन लावला, आणि बाराच्या बारा कागदांवर तारीख घालून सही करून दिली.

वाटेत, वेशीच्या आत येण्याआधी, बाईनं तो कागद माझ्या हातात दिला. "तारीख वाच." मी वाचली. "पुन्ना वाच." तिसरीत होते मी, मोठ्यानं वाचली. तिनं तिसऱ्यांदा वाचून घेतली आणि कागद चोळीत ठेवला. त्या रात्रीपासून ती जात्याशेजारच्या भिंतीवर रोज कोळशानं एक रेघ ओढायची. तेराव्या रेघेला कोतवाल सांगत आला की डोंगराकडच्या नाल्यावर काम निघालंय. बाईला वाचता येत नव्हतं, आजही येत नाही. पण सरकारला १५ दिवस मोजून देणारी ती भिंत मी पाहिली आहे. पुढं दिवाळीला सारवताना ती बुजली.

त्याच काळात दुसऱ्या बाजूनं कर्जाच्या योजना येत होत्या. एकात्मिक ग्रामीण विकासाचा कार्यक्रम १९८० पासून देशभर गेला: बँकेचं कर्ज, सरकारचं अनुदान, त्यातून म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन. माझ्या चुलत्याला म्हैस मिळाली. कानात विम्याचा बिल्ला, घरासमोर ओवाळणी, सगळं झालं. पण शहाऐंशीला माणसांनाच पाणी नव्हतं, म्हशीला वैरण कुठली? ती विकली, कर्ज राहिलं. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ नीलकंठ रथ यांनी १९८५ मध्येच हे लिहून ठेवलं होतं की अशा कर्जावर थोडेच लोक गरिबीतून वर येतात, मजुरीच्या कामाचा आधार मोठा करायला हवा. वि. म. दांडेकर आणि रथ या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा जो हिशेब मांडला त्यात खेड्यात माणशी महिना १५ रुपये, १९६०-६१ च्या किमतींनी, ही किमान गरज धरली होती. ती दारिद्र्याची रेषा त्यांनी आखली ती गरीब किती आहेत हे देशाला दिसावं म्हणून. तिच्याखाली कोणाला घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं यासाठी ती पुढे वापरली गेली, ही वेगळी गोष्ट.

१९८८ साली किमान वेतन वाढलं आणि हमीची मजुरी दुपटीच्या आसपास गेली. बायांनी पेढे वाटावेत अशी बातमी. पण त्यानंतर कामावरची हजेरी झपाट्यानं उतरली. आकडे तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की लोकांनी काम मागायचं सोडलं नव्हतं. कामं कमी निघायला लागली होती. हमी कुणी रद्द केली नाही, ती आटली. नव्वदनंतर याच निधीतून विहिरी आणि फळबागा झाल्या. जालन्याकडची मोसंबी, आमच्याकडचे केसर आंबे त्यातून उभे राहिले आणि त्याचं मला कौतुकच आहे. फक्त त्या ज्याला रान होतं त्याच्या रानात झाल्या.

आणि मग यादी आली. १९९७ पासून रेशन लक्ष्य ठरवून द्यायचं ठरलं, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्यांना वेगळं. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डं झाली, पिवळं, केशरी आणि पांढरं. पिवळ्यासाठी घराचं वार्षिक उत्पन्न १५ हजारांच्या आत हवं, म्हणजे सगळ्या घराचे मिळून दिवसाला ४१ रुपये. २००२ साली दारिद्र्यरेषेची नवी पाहणी झाली. मी तेव्हा नव्यानं नोकरीला लागले होते आणि शिक्षकांना त्या कामावर लावलं होतं. एक तांडा आणि दोन वस्त्या माझ्याकडे होत्या.

१३ प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. जितके कमी गुण तितकं घर गरीब. जमीन किती, घर कसं, दोन वेळचं जेवण मिळतं का, कर्ज कुणाचं, स्थलांतर कशासाठी. एक प्रश्न कपड्यांचा होता: घरात माणशी सरासरी किती. एका म्हातारीला मी तो विचारला. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग अंगावरच्या लुगड्याकडे. "नेसलेलं धरून, का सोडून?" मला उत्तर देता आलं नाही. अजून देता येत नाही. मी गुण लिहिले आणि पुढच्या घरी गेले.

पण मला जास्त लागला तो शिक्षणाचा प्रश्न. घरातला सगळ्यात शिकलेला माणूस कितवीपर्यंत, त्यावर गुण. शिक्षण वाढलं की गुण वाढत, आणि गुण वाढले की घर रेषेच्या वर सरकत. एका ऊसतोड्यानं दोन्ही बैल विकून पोरगी कॉलेजला घातली होती. ती दारात उभी राहून मला आनंदानं सांगत होती की यंदा पदवीचं शेवटचं वर्ष. मी शिक्षिका, आणि तिच्या शिकण्याचे गुण मी तिच्या बापाच्या विरुद्ध लिहीत होते. नंतर यादी लागली. त्या घराचं नाव त्यात नव्हतं.

त्या वर्षांत एक शब्द आमच्या गावात आला आणि रुळला: लाभार्थी. आधी बाई मजूर होती. मजूर मागतो, मजूर मोजून घेतो, मजूर बसून राहू शकतो. लाभार्थ्याला आधी पात्र ठरावं लागतं, आणि पात्र कोण हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. 'मागेल त्याला' हे दोन शब्द गेले आणि त्यांच्या जागी 'पात्र असल्यास' आलं. मला वाटतं मराठीत गरिबीच्या धोरणाचा सगळा इतिहास या दोन शब्दप्रयोगांच्या मधे मावतो. सडकेवरचा तो जुना संशय परत आला, फक्त हातोडीच्या जागी फॉर्म होता.

२००५ साली संसदेनं रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा मी वर्गात पेढे वाटले. खरंच वाटले. आमच्या मराठी मुलखाची कल्पना देशाची झाली होती. घरटी वर्षाला १०० दिवस, फेब्रुवारी २००६ पासून पहिले जिल्हे, त्यांत आपले नांदेड आणि हिंगोलीही. २००८ पासून सगळा देश. नमुना ४ तोच राहिला, पोचही कायद्यात राहिली. मजुरी बँकेत जायला लागली हे चांगलं झालं, मुकादमाचा वाटा गेला. पण पगार पुन्हा उशिरा यायचा, आणि मग हजेरीला मोबाईलवर फोटो आला, मग आधार जोडणी आली. जिथं नेटवर्क नाही तिथं हजेरी नाही. भावजय सांगते की डोंगराकडच्या कामावर हजेरी घेणारा मेट फोटो पाठवायला टेकडीवर चढायचा. दरम्यान जेसीबी आला होता आणि बायांच्या आठवड्याची माती तो सकाळभरात उचलायचा.

२०२४ पासून भावजयीच्या खात्यात लाडक्या बहिणीचे १५०० रुपये येतात. बाईला नाहीत, ६५ ची अट आहे. मी त्या पैशांवर टीका ऐकते तेव्हा मला राग येतो. भावजयीनं पहिल्या तीन हप्त्यांत भाचीच्या एसटीचा पास, चष्मा आणि दोन शेळ्यांपैकी एकीचे पैसे भागवले. बाईच्या जातीच्या हातात आलेला पैसा कुठं जातो हे मी जन्मभर पाहिलं आहे, तो चुलीपाशीच जातो. पण एकदा मध्येच हप्ता आला नाही, तेव्हा भावजय मला विचारत होती, "ताई, कुणाला इचारावं?" मला सांगता येईना. बाईला सांगता आलं असतं, बाईच्या वेळी कचेरी होती, टेबल होतं, कागद होता, आणि १५ दिवस होते. भावजयीला मागताच येत नव्हतं, कारण तिनं फॉर्म भरला होता, पण हक्कानं काही मागितलेलंच नव्हतं. तिला मिळालं होतं. जे मिळतं ते थांबूही शकतं, आणि थांबलं तर दाद मागायला बसायचं कुठं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी, रेशन दुकानातून परत आल्यावर, भाच्यानं सांगितलं की अंगठा लागत नसेल तर मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं. त्यानं बाईला अंगणात उजेडाला बसवलं. "आजी, हिकडं बघ. आता डोळे मीट. उघड." बाईनं दोनदा पदर सावरला, एकदा चुकून मोबाईललाच हात जोडले. तिसऱ्या वेळी हिरवी खूण आली.

"झालं, आजी."

"पोच?"

"मोबाईलवर आलंय की."

"मला काय दिसतंय त्यात? कागुद दी."

भाचा माझ्याकडे पाहून हसायला लागला, पण मी हसले नाही म्हणून तोही थांबला. त्यानं वहीचं पान फाडलं. त्यावर बाईचं नाव लिहिलं, काय केलं ते लिहिलं, तारीख घातली, वेळ घातली, आणि खाली स्वतःची सही केली. बाईनं पान हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि माझ्यापुढं धरलं.

"तारीख वाच."

मी वाचली.

"पुन्ना वाच."